संत्र्याच्या बागेवरून गेलेलं वावधन

आमची संत्र्याची बाग गावाच्या पश्चिमेला, नाल्यापलीकडे होती. कारंज्याकडून येताना हमरस्ता सोडून बंडीवाटेने आत वळलं की आधी ती बाग लागायची आणि मग गाव. बाबांनी ती झाडं माझ्या जन्माच्या सुमारास लावली होती. त्यामुळे कोणी पाहुणा आला की ते बागेचं आणि माझं वय एकदमच सांगत. मला भाऊ नव्हता, बहीणही नव्हती. पाहुणा त्यावर हळहळायला लागला की बाबा त्याला बाग दाखवायला घेऊन जात.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी मॅट्रिकची परीक्षा देऊन घरी बसले होते. वैशाख होता. झाडांवर आंबिया बहाराची फळं लिंबाएवढी झाली होती आणि विहिरीला पाणी होतं, म्हणून बाबा खुशीत होते. सकाळी जात ते दिवस कलल्यावरच परत येत. त्यांच्याबरोबर झाडांचे आळे साफ करायला, पाणी वळवायला गावातलीच एक बाई असायची. मी तिला मावशी म्हणायचे. तिचा नवरा दुसऱ्याच्या वावरात सालदार होता, मूलबाळ नव्हतं. मावशी झाडांशी भांडायची. ज्या झाडाला फळ कमी त्याच्यापुढे खुरपं घेऊन उभी राहायची आणि म्हणायची, "औंदाही तुह्याच्यानं काई झालं नाई वाटते. पाणी तं सगळ्यायच्या बरोबरीनं पेतं." बाबा दूरवरून ऐकत आणि हसत. माझे बाबा फार हसणारे नव्हते, म्हणून मला ते लक्षात राहिलं आहे.

त्या दिवशी दुपारनंतर मी आणि माय अंगणात होतो. बाजेवर धोतर पसरून त्यावर कुरोड्या घातल्या होत्या आणि त्या उलटायचं काम चाललं होतं. गरम झळा दिवसभर होत्याच, पण एकाएकी त्या थांबल्या. लिंबाचं पान हलेना. पाठीवरून घाम वाहायला लागला. मायने मान वर करून पश्चिमेकडे पाहिलं.

"बाज उचल पोरी," ती म्हणाली. "वावधन येऊन राह्यलं."

वावधन, म्हणजे वादळवारं, आमच्याकडे दर उन्हाळ्यात यायचं. एखाद्या गोठ्याचं टिन उडायचं, कैऱ्या पडायच्या, चार थेंब येऊन मातीचा वास सुटायचा आणि रात्री जरा झोप लागायची. त्यामुळे मी काही घाई केली नाही. बाज पडवीत ठेवली, धोतराची टोकं गोळा केली. तेवढ्यात आवाज यायला लागला. हमरस्त्यावर भरलेले ट्रक एकामागोमाग चढ चढतात तसा तो होता, पण हमरस्ता आमच्या उत्तरेला आणि आवाज पश्चिमेकडून येत होता. मी दाराशी जाऊन पाहिलं. आभाळ जळक्या हळदीच्या रंगाचं झालं होतं आणि त्यातून एक काळी सोंड खाली लोंबत होती. ती हळू हलत होती, निदान दुरून तसं वाटत होतं. तिच्या खालच्या टोकाशी माती उकळल्यासारखी वर येत होती आणि त्या मातीत काहीतरी फिरत होतं. मला वाटलं पाखरं आहेत. ती झाडं होती, हे मला नंतर कळलं.

मायने मला दंडाला धरून आत ओढलं आणि आम्ही ज्वारीच्या कोठीमागे बसलो. तिने माझं डोकं मांडीत दाबून धरलं होतं, त्यामुळे पुढचं मी फक्त ऐकलं. छपराचे कवेलू आधी खडखडले, मग एकदम कोणी सूप झटकावं तसे गेले. कानात दडे बसले. आडव्या दांडीचं दार आतल्या बाजूला फुगून आलं आणि पुन्हा जागेवर गेलं. मग उघड्या छपरातून गारा आल्या. आणि मग सगळं थांबलं. इतकं थांबलं की मायच्या छातीचे ठोके मला ऐकू येत होते.

घर उभं होतं. भिंतींना काही झालं नव्हतं. माय उठली, तिने पदर खोचला आणि म्हणाली, "तुहे बाबा वावरात हायेत."

आम्ही निघालो तेव्हा गल्लीत लोक बाहेर यायला लागले होते. गावाचं एकच टोक तडाख्यात सापडलं होतं, शाळेकडचं. तिकडून रडण्याचे आवाज येत होते. आमच्या बाजूला कोणाचं छप्पर, कोणाचा गोठा एवढंच गेलं होतं. पण गावाबाहेर पडल्यावर जमिनीवरून कोणी मोठं वखर ओढत नेल्यासारखा पट्टा दिसला. पट्ट्याच्या अलीकडे पळसाची पानंसुद्धा जागेवर होती. पट्ट्याच्या आत बाभळी मुळापासून पिळून टाकलेल्या होत्या. विजेचा खांब मोडून तार वाटेत पडली होती. कोणीतरी मागून ओरडलं, "तारेले हात लावजो नको." माय थांबली नाही, तिने वळसा घातला. नाल्यात गारांचा थर पांढरा पडला होता. त्यात आमचे पाय रुतत होते आणि वैशाखात माझे पाय बधिर झाले होते.

नाला चढून वर आलो. बाग नव्हती.

झाडं होती, पण आडवी. एका दिशेलाही पडलेली नव्हती. कोणी खळ्यात पेंढ्या फेकाव्या तशी कशीही, एकमेकांवर. मुळं वर आलेली आणि त्यांना काळी माती लोंबकळत होती. जमिनीवर गारा आणि हिरवी संत्री मिसळून पडली होती. विहिरीजवळचा मोठा आंबा जागेवर नव्हता, तिथे खड्डा होता. विहिरीवरच्या पंपाच्या मोटारीची विटामातीची खोली होती, तिचा ढीग झाला होता आणि वरचं टिन कुठेही दिसत नव्हतं. एक बैल आंब्याच्या खड्ड्याजवळ पडला होता. दुसरा दूर वावराच्या कडेला, धुऱ्यावर उभा होता, गळ्यात लोंबता कासरा, आणि त्याचं सगळं अंग थरथरत होतं.

मायने बाबांना जन्मात कधी नावाने हाक मारली नव्हती. त्या वेळीही तिला ती मारता येईना. ती चारी दिशांना तोंड करून नुसती "अवो, अवो" करत होती. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तू मार हाक. मले नाई येऊन राह्यली."

मी हाका मारल्या. उत्तर आलं नाही.

तोवर गावातली माणसं आली. त्यांनी आधी खोलीच्या विटा उपसायला सुरुवात केली, कारण माणूस असेल तर तिथेच असेल असं सगळ्यांना वाटलं. माय हाताने विटा बाजूला करत होती. पाय दिसला तेव्हा ती थांबली. बोटात जोडवं होतं. मावशी भिंतीच्या कोपऱ्याला पाठ लावून बसलेली होती, गुडघे पोटाशी घेऊन, जसा माणूस पाऊस थांबायची वाट पाहत बसतो. तिच्या तोंडावर फारसं काही लागलेलं दिसत नव्हतं. लोकांनी तिला उचलून बाहेर ठेवलं. मायने स्वतःच्या पदराने तिच्या तोंडावरची माती पुसली. तिचं लुगडं फाटलं होतं, म्हणून कोणाचा तरी दुपट्टा मागून तिच्या अंगावर घातला.

तिचा नवरा दुसऱ्या वावरातून पळत आला. तो दोन हातांच्या अंतरावर थांबला आणि तिथेच उभा राहिला. तो खाली बसला, तिचा पाय दुपट्ट्याबाहेर आला होता तो त्याने आत केला, आणि तसाच बसून राहिला.

बाबा सापडले दिवस बुडायच्या बेतात. आमचं वावर संपल्यावर दुसऱ्याचं वखरलेलं वावर होतं, त्याच्या मधोमध ते बसले होते. अंगावर फक्त करदोटा आणि धोतराची एक चिंधी. सगळं अंग चिखलाने माखलेलं, कपाळावर खोक. बाकी मोडलेलं काही नव्हतं. आम्ही जवळ गेलो तरी ते आमच्याकडे पाहत नव्हते. मायने त्यांच्या समोर बसून त्यांचे दोन्ही हात धरले. तेव्हा ते म्हणाले, "मोटार बंद केली का?"

"केली," माय म्हणाली.

"बाईले मी मोटारीच्या खोलीत बसवलं हाय. तिले घेऊन या. गारा पडून राह्यल्या."

गारा केव्हाच थांबल्या होत्या. माझ्या मागे उभी असलेली माणसं एकमेकांकडे पाहायला लागली. माय म्हणाली, "हाव, आणतो." आणि त्यांना उठवून उभं केलं.

पुढचे काही दिवस आमच्या घरी जत्रा भरल्यासारखी माणसं येत होती. वाऱ्याने उचललेला आणि जिवंत राहिलेला माणूस पाहायला आजूबाजूच्या गावांतून लोक आले, कारंज्याचे दुकानदार आले, हमरस्त्यावरच्या ढाब्यावर थांबलेले ट्रकवालेसुद्धा वाट वाकडी करून आले. छप्पर नसलेल्या आमच्या घरात ताडपत्री टाकली होती, तिच्याखाली बाबा बाजेवर बसलेले असत. पहिले पहिले ते सांगत. गारा सुरू झाल्या, बैल आंब्याखाली बांधले होते ते सोडायला गेलो, एक सुटला, दुसऱ्याचा कासरा सुटेना, मग आंब्याला मिठी मारली. "आंबा उठला. मंग मी बी उठलो."

एका सरदारजी ड्रायव्हरने विचारलं, "ऊपर क्या दिखा, काका?"

"पत्ते," बाबा म्हणाले. "बस पत्ते. और कुछ नहीं."

एक म्हातारी लांबच्या गावाहून नारळ घेऊन आली आणि बाबांच्या पाया पडायला वाकली. म्हणाली, देवाने तुम्हाला हातावर घेऊन अलगद खाली ठेवलं, तुमच्या अंगात काहीतरी असलं पाहिजे. बाबांनी पाय मागे ओढून घेतले.

"मंग तिले काऊन नाई ठेवलं?" त्यांनी विचारलं.

म्हातारीला कोण ती, हे माहीत नव्हतं. तिने मायकडे पाहिलं. मायने नारळ घेतला आणि तिला चहा दिला. त्या दिवसापासून बाबांनी सांगणं बंद केलं. लोक आले की ते आतल्या खोलीत जात. हळूहळू लोकही यायचे थांबले.

त्यांच्या मनात काय चाललं आहे हे मायला कळत होतं, मला तेव्हा सगळं कळलं नाही. मावशी त्या दिवशी घरी निघाली होती. आभाळ पाहून ती म्हणाली होती, मी जातो आता, पळत गेली तर पोहोचीन. बाबांनी तिला थांबवलं होतं. गारांमध्ये डोकं फुटेल, खोलीत बस, असं सांगून स्वतः दार लावून घेतलं होतं आणि बैलांकडे गेले होते. ती निघाली असती तर नाला ओलांडून गावात पोहोचली असती. गावाच्या आमच्या बाजूला कोणाला काही झालं नव्हतं. बाबांनी हे मायला एकदाच सांगितलं आणि मायने मला पुष्कळ वर्षांनी.

पटवारी येऊन पडलेली झाडं पाहून गेला. मग ती झाडं तोडायची वेळ आली. उपटलेली असूनही त्यांची पानं कितीतरी दिवस हिरवी राहिली होती आणि काही फांद्यांवरची फळंही टिकून होती. माझ्या मनात आलं की झाडांना अजून कोणी सांगितलं नसेल. नंतर पानं वाळली. माणसं लावून मायने लाकूड घरी आणलं आणि पुढे कितीतरी महिने आमची चूल संत्र्याच्या लाकडावर पेटली. त्या धुराला एक गोडसर वास येतो. बाबा त्या वासाने जेवत नसत. मायच्या ते लक्षात आलं तेव्हा तिने ते लाकूड शेजारी देऊन टाकलं आणि आम्ही पुन्हा तुराट्या-पऱ्हाट्या जाळायला लागलो.

बाबा वावरात जाईनात. सुरुवातीला वाटलं अंगात ताकद नाही. मग कळलं की ते नाल्यापर्यंत जातात आणि परततात. पाऊस पडला, लोकांची पेरणीची घाई सुरू झाली. साफ केलेल्या बागेत माय ज्वारी पेरणार होती. एक बैल आमचा, एक शेजाऱ्याचा मागून आणला. पण तिफण कोण धरणार? बियाणं सोडायचं काम बायाच करतात, ते तिला येतच होतं. तिफण हाकणं हे पुरुषाचं काम, आणि त्या दिवसांत गावात रिकामा पुरुष नव्हता. माय म्हणाली, "मीच धरतो तिफण. पोरगी दाणे सोडीन." गावात लगेच कुजबुज सुरू झाली. एका वडीलधाऱ्या माणसाने घरी येऊन बाबांना सांगितलं की हे बरं दिसत नाही. बाबा ऐकून घेत राहिले.

पेरणीच्या दिवशी आम्ही वावरात पोहोचलो तर मावशीचा नवरा धुऱ्यावर उभा होता. त्याला कोणी बोलावलं नव्हतं. त्याने बैल मायच्या हातून घेतले, तिफण जुंपली आणि मायकडे पाहून म्हणाला, "चाला, पाटलीनबाई. वापसा जाईन, जमीन वाळून राह्यली."

त्याने सगळं वावर पेरून दिलं. मोटारीच्या खोलीचा ढीग अजून तसाच होता. तिथे आला की तो बैलांना जरा लांबून वळवायचा. दुपारी आम्ही भाकरी सोडली तेव्हा तो थोडा दूर बसून जेवला. मायने कांदा फोडून दिला.

संध्याकाळी तो आमच्याबरोबर घरी आला. बाबा आतल्या खोलीत होते. तो उंबऱ्याशी टेकला आणि आत पाहून म्हणाला, "पाटील, पेरणं झालं."

मग तो जरा पुढे सरकला.

"माह्या मनात काई नाई पाटील. तुमी तिले आडोशाले बसवलं. मी असतो तं मी बी तिथंच बसवलं असतं. कोनाले मालूम होतं?"

मी दारातून पाहत होते. बाबा भिंतीकडे तोंड करून बसले होते. त्यांचे खांदे हलले, मला वाटलं ते आता वळतील. ते वळले नाहीत. मायने दिलेला चहा त्याने घेतला, कपबशी धुऊन पालथी ठेवली आणि तो गेला. पुढे त्याने सालदारी सोडली. समुद्रपूरकडे त्याची बहीण होती, तिच्याकडे गेला, असं ऐकलं. आमच्या घरी तो पुन्हा आला नाही. बाबांनी तेव्हा एक शब्द बोलायला हवा होता, असं मला बरीच वर्षं वाटायचं. आता वाटतं, तो माणूस रागवला असता तर बाबांना सोपं गेलं असतं. तो रागवला नाही, आणि बाबांना तोंड द्यायला काही उरलं नाही.

दोनेक वर्षांनी माझं लग्न झालं. नवरा वर्ध्याला नोकरीला, सिंदी मेघेला नवीन घर बांधलेलं, वर स्लॅब. बाबा पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी छताकडे पाहिलं, मग भिंतीवर तळहात दाबून पाहिला. त्या रात्री ते गाढ झोपले. माय म्हणाली, गावात उन्हाळा लागला की हे झोपतच नाहीत, कवेलूवर मांजर चाललं तरी उठून बसतात. मग तीच म्हणाली, "राहू दे याह्यले इथं." लेकीच्या घरी बापाने राहावं हे आमच्यात कोणी करत नव्हतं. माझ्या सासूबाईंनी पुष्कळ समजून घेतलं. माय गावी परत गेली, कारण वावर होतं, बैल होता.

ऐंशीच्या दशकातली ती वर्षं अशीच गेली. माय एकटी शेती करायची. ज्वारी, तूर, थोडा कापूस. महिन्या-दोन महिन्यांनी एसटीने यायची, डाळ आणि तुरीच्या शेंगा घेऊन. बाबा आमच्या मधल्या खोलीत असत, जिला खिडकी नव्हती. माझ्या मुलांना ते पाढे शिकवत, भाजी निवडून देत. बाहेर वारा सुटला की बोलता बोलता थांबत आणि खोलीतल्या प्रत्येकाकडे एकेकदा पाहून घेत. कोणी बाहेर गेलं असेल तर विचारत, "तो कोठी गेला?" उन्हाळ्यातल्या एका दुपारी माझी मुलगी अंगणात खेळत होती आणि धूळ उडायला लागली. मी बाबांना म्हटलं, तिला हाक मारा, आत येऊ दे. ते दारापर्यंत गेले. तिला हाक मारायला त्यांनी तोंड उघडलं, आणि आवाज निघेना. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "तूच सांग तिले. आत या का बाहेर राहा, मी नाई सांगत कोनाले."

एकदा मी मायला म्हटलं, पुन्हा थोडी संत्री लाव. विहिरीला पाणी आहे, मी आणि जावई मदत करू.

"झाड लावाचं म्हणजे लय वर्षं वाट पाहाची," ती म्हणाली. "माह्यात तेवढी वाट नाई राह्यली आता."

बाबा एका हिवाळ्यात गेले. आठवडाभर ताप होता, छाती भरून आली होती. माय शेवटचे दिवस त्यांच्याजवळच होती, त्या बिनखिडकीच्या खोलीत. ते फार बोलले नाहीत. आम्ही त्यांना गावी नेलं नाही. नवऱ्याने विचारलं तेव्हा मायनेच नको म्हटलं. ते वर्ध्यातच गेले.

तेरवी झाल्यावर मला वाटलं आता माय आमच्याकडे राहील. मुलं तिच्या अंगाखांद्यावर होती, सासूबाईंनीही म्हटलं. ती काही दिवस राहिली. मग एका सकाळी तिने आपली पिशवी भरली आणि कारंज्याची एसटी किती वाजता आहे ते विचारलं. तुरीचं पीक काढणीला आलं होतं.

"तिथं एकटी कशी राहशील माय?" मी म्हटलं.

ती लुगड्याच्या निऱ्या सारख्या करत होती. माझ्याकडे न पाहता म्हणाली, "एकटीच तं होती इतके वर्षं."

मी पिशवी उचलली आणि तिला स्टँडवर पोहोचवायला गेले.